कालुपूर ते भद्र: जुन्या अहमदाबादेत पायी एक दिवस

अहमदाबादच्या जुन्या शहरासाठी एकच दिवस हाताशी असेल, तर ते पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून भद्रच्या किल्ल्यापर्यंत, पायीच पाहावे. या क्रमाने गेल्यास सकाळच्या शांत वेळी पोळ, म्हणजे दरवाजाआडच्या जुन्या वस्त्या, पाहून होतात, ऊन चढेपर्यंत जामा मशिदीच्या सावलीत पोहोचता येते आणि सिदी सय्यद मशिदीची कोरीव दगडी जाळी दुपार कलताना, म्हणजे ती पाहण्याच्या सर्वांत चांगल्या वेळी, समोर येते. अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीच्या पूर्व तीरावर वसवलेले हे शहर २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि भारतातले पहिले वारसा शहर ठरले.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास सकाळी अहमदाबाद स्थानकावर उतरता येते. स्थानिक लोक त्याला कालुपूर स्थानक म्हणतात. काही गाड्या मात्र साबरमतीसारख्या दुसऱ्या स्थानकांवर थांबतात, म्हणून तिकिटावरचे स्थानकाचे नाव आधीच नीट पाहावे. स्वामिनारायण मंदिर तेथून जवळ आहे. १८२२ मध्ये पूर्ण झालेले हे त्या संप्रदायाचे पहिले मंदिर असून त्याच्या सागवानी खांबांवरचे रंगीत कोरीवकाम पाहायला अर्धा तास तरी ठेवावा. महानगरपालिकेची मार्गदर्शकासह पदयात्रा १९९७ पासून याच मंदिरातून सकाळी निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. तिची सध्याची वेळ आणि शुल्क आदल्या दिवशी विचारून घ्यावे, पण ती चुकवू नये, कारण पोळांमधल्या आडवाटा नकाशावर दिसत नाहीत आणि माहितगाराशिवाय सापडतही नाहीत.

पोळ म्हणजे एका दरवाजाआड वसलेली गल्ल्यांची वस्ती. एकाच जातीची किंवा व्यवसायाची कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि रात्री दरवाजा बंद झाला की आतली वस्ती सुरक्षित होई. लांबेश्वरच्या पोळात कवी दलपतराम यांच्या घराच्या जागी आता चौक असून त्यांचा पूर्णाकृती पुतळा तेथे बसलेला आहे. घराचा दर्शनी भाग पुन्हा उभा केला आहे आणि त्यामुळे जुन्या घरांची ठेवण एका नजरेत समजते: पुढे ओटा, त्यावर लाकडी खांब, खांबांच्या माथ्यावर कोरलेले हस्त, म्हणजे लाकडी आधार, आणि त्यांवर पेललेला वरचा मजला. पुढे हाजा पटेलच्या पोळात काळ्या रामाचे मंदिर आहे. नाशिकचा काळाराम पाहिलेल्यांनी येथे अवश्य थांबावे, कारण येथला राम उभा नसून बसलेला आहे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती या घरांची पाण्याची व्यवस्था. चौकाच्या फरसबंदीत एक लहान झाकण दिसते आणि त्याखाली, घराच्या पोटात, चुन्याने बांधलेले टाके असते. पहिल्या पावसाचे पाणी वाहू द्यायचे, छप्पर धुऊन निघाले की मग पुढचे पाणी नळीवाटे टाक्यात सोडायचे आणि ते वर्षभर पिण्यासाठी वापरायचे, अशी ही पद्धत होती. पोळांच्या चौकांत उंच खांबांवर बांधलेले चबुतरे त्याच शहाणपणातून आले. दाट वस्तीत झाडांना जागा उरली नाही, तेव्हा पाखरांसाठी दाणापाण्याची सोय रहिवाशांनी स्वतः केली.

अनेक हवेल्यांना आज कुलपे आहेत, काहींची लाकडी नक्षी उतरवून विकली गेली आहे आणि काहींच्या जागी काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. हे पाहून जीव कळवळतो. डागडुजी करून जपलेल्या हवेल्याही आहेत. खाडियातली मंगलदासनी हवेली त्यांपैकी एक असून वाट वाकडी करून पाहावी अशी आहे. पोळांमध्ये आजही कुटुंबे राहतात हे लक्षात ठेवून आवाज कमी ठेवावा आणि ओट्यावर बसलेल्या माणसांचे छायाचित्र त्यांना विचारल्याशिवाय काढू नये.

जामा मशीद १४२४ मधली आहे. तिच्या प्रार्थनागृहात २६० खांब असून छतावर १५ घुमट आहेत. दारालगतचे दोन मिनार १८१९ च्या भूकंपात कोसळले. त्यांचे उरलेले बुंधे आजही दिसतात आणि त्यांवरची नक्षी जवळून न्याहाळता येते. पादत्राणे बाहेर काढावीत, डोके झाकायला रुमाल जवळ ठेवावा आणि शुक्रवारी दुपारी जाणे टाळावे. पूर्वेच्या दारातून बाहेर पडले की बादशहाचा हजिरा, म्हणजे अहमदशहाची कबर, लागते आणि त्याच्या पलीकडे राणीचा हजिरा, म्हणजे राण्यांच्या कबरी. राणीच्या हजिऱ्याभोवती कपड्यांचा बाजार इतका दाटला आहे की खुद्द वास्तू शोधावी लागते.

तीन दरवाजापाशी, म्हणजे भद्रच्या वाटेवरच्या तीन कमानींच्या जुन्या वेशीपाशी, मराठी माणसाने घाई करू नये. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत हे शहर पेशवे आणि गायकवाड यांच्या अमलाखाली होते, आणि त्या काळचा एक शिलालेख या दरवाजावर आहे. मराठ्यांचे सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी १८१२ मध्ये काढलेला हा हुकूम देवनागरीत कोरलेला आहे: मुलीला वडिलांच्या मालमत्तेतला वाटा विनाअडथळा द्यावा, आणि जो देणार नाही त्याने हिंदू असल्यास महादेवाला व मुसलमान असल्यास अल्लाला जाब द्यावा, असा त्याचा आशय आहे. आपल्या राज्यकर्त्यांचे इतके ठाम आणि न्याय्य शब्द भर बाजारात उभे आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटला. पण फेरीवाल्यांच्या गर्दीत तो लेख सहज नजरेआड होतो, म्हणून मार्गदर्शकाला आवर्जून विचारून घ्यावा.

भद्रच्या किल्ल्याला फार वेळ लागत नाही. बुरुजावरचे १८७८ मध्ये बसवलेले घड्याळ आणि मराठ्यांच्या काळापासूनचे भद्रकालीचे मंदिर पाहून चारच्या सुमारास सिदी सय्यद मशिदीकडे निघावे. गुजरातच्या सल्तनतीच्या अखेरच्या काळात, १५७२-७३ मध्ये, ही लहानशी मशीद बांधली गेली. तिच्या पश्चिम भिंतीतल्या जाळीत एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचे झाड कोरले आहे. उतरते ऊन मागून आले की फांद्या काळ्याभोर दिसतात आणि पानांमधल्या बारीक फटी एकदम उजळतात. दगड इतका पातळ कोरता येतो यावर विश्वास बसत नाही. दोन-चार पावले मागे-पुढे सरकून पाहावे, कारण प्रत्येक ठिकाणावरून प्रकाश वेगळा पडतो.

ही फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावी. मात्र मकरसंक्रांतीच्या दिवशी सगळे शहर पतंगांसाठी गच्चीवर असते, तेव्हा वास्तू पाहण्याचा बेत ठेवू नये. रविवारी बरीच दुकाने बंद असल्याने घरांचे दर्शनी भाग मोकळे दिसतात. दिवसा सराफांचा असलेला माणेक चौक रात्री खाण्याच्या गाड्यांनी भरतो. त्यासाठी नऊनंतर यावे आणि परतीची गाडी त्या हिशेबाने ठरवावी. अडालजची विहीर आणि साबरमती आश्रम याच दिवसात कोंबण्यापेक्षा दुसऱ्या दिवसासाठी ठेवावेत.