उन्हाळी बाटली: साखर निम्म्यावर, पोट शांत

अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या सायकल राइडला दीड-दोन तासांनी पोट डचमळायचं, मळमळायचं आणि मग बाटलीच नकोशी व्हायची. ते कोडं सुटलं! माझ्या आधीच्या, हिवाळ्याच्या नोंदीतलं ८ टक्क्यांचं मिश्रण, म्हणजे ७५० मिलीला ६० ग्रॅम साखर, थंडीत उत्तमच आहे. मे महिन्यात मात्र गणित फिरतं.

थंडीत तासाला अर्धा लिटर जातं, म्हणजे ४० ग्रॅम साखर. वर एक केळं, की तासाला लागणाऱ्या ६० ग्रॅमचं काम भागलं. मेमध्ये नऊनंतर पारा चाळिशीकडे सरकला की तासाला लिटरभर लागतं. बाटली तीच ठेवली तर साखर ८० ग्रॅम, केळ्यासकट शंभराच्या पुढे. त्यात उन्हात रक्त कातडीकडे वळतं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं. दाट गोड पाणी जठरातून सावकाश उतरतं, म्हणून डचमळ. तहान आणि भूक दोन्ही एकाच बाटलीवर टाकायची नाही, हीच यातली किल्ली.

नवं माप, ७५० मिलीला: साखर ३० ग्रॅम, मीठ सव्वा ग्रॅम, अर्धं लिंबू. उरलेलं इंधन चावून खायचं: तासाला एक केळं, नाहीतर तीन-चार खजूर. दुसऱ्या बाटलीत निव्वळ पाणी. मिठाला स्वयंपाकघरातला काटा निरुपयोगी, ग्रॅमखालचं तो दाखवतच नाही. सराफी धाटणीचा ०.१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या, पैसे वसूल. गूळ चवीला छान, पण गाळूनही व्हॉल्व्हमध्ये गाळ बसतो. सब्जा तर बाटलीत नकोच. ओआरएसची पुडी घामासाठी चांगली, पण लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम, तिच्यावर घाट चढत नाही.

बाटलीवर ओला सुती मोजा चढवा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं आणि आतलं गार राहतं. काय सुख आहे ते! मोजा सुकला की पुन्हा भिजवायचा.

केळ्याचं दुखणं उरलंच. ठिपकेदार पिकलेलं पचायला हलकं, पण जर्सीच्या खिशात त्याचा लगदा होतो. हिरवट टोकाचं टिकतं, पण त्यातल्या स्टार्चने गॅस धरतो. पुढच्या राइडला खजूरच न्यायचे ठरत होते, पण हे लिहिता लिहिता सुचलं: गच्चीवर मेचं ऊन फुकट आहे, तर केळीच का सुकवू नयेत? पिकलेल्या केळ्याचे उभे चार काप, लिंबूपाण्यात बुडवून, वर मलमल. चिवट झाले की काढायचे. कडक झाले तर चावताना दम लागतो. साखर जवळपास तेवढीच, वजन पाव-तिसरा हिस्सा. खजूर रद्द, आधी हेच.

राइडआधी तासभर दोन केळी किंवा कमी तेलाचे, बिनशेंगदाण्याचे पोहे. कळण्याची भाकरी आदल्या रात्री. उडीद पहाटे जड पडतो. परतल्यावर तासाभरात वरण-भात, वाटीभर दही आणि दोन अंडी किंवा शंभर ग्रॅम पनीर. प्रथिनं २० ग्रॅमच्या वर जातात. शेवभाजी संध्याकाळी.

राइडआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. घटलेल्या दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर, तेही दोन-चार तासांत थोडं थोडं, मीठ घातलेल्या ताकासकट.