तुम्ही विचारलंत म्हणून: ओपल शुभ की अशुभ?

माझ्या बोटातली जुनी ओपलची अंगठी पाहून लोक दोनच प्रश्न विचारतात. काही म्हणतात, "अहो, ओपल अपशकुनी ना?" पत्रिका मानणारे म्हणतात, "शुक्रासाठी घातलात का? रास तूळ की वृषभ?" मला ती नुसती बघत बसायला आवडते, हे उत्तर दोघांनाही पुरत नाही.

अपशकुनाची कथा युरोपातली. रोमन लोकांना हा खडा फार प्रिय. माणकासारखी आग, अ‍ॅमेथिस्टचा जांभळा आणि पाचूचा हिरवा एकाच ठिकाणी दिसतो, असं रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय. मग १८२९ मध्ये वॉल्टर स्कॉटची 'अ‍ॅन ऑफ गायरस्टाइन' ही कादंबरी आली. तिच्यात एका बाईच्या केसांतल्या ओपलवर चर्चमधलं पवित्र पाणी पडतं, खडा निस्तेज होतो आणि बाईचाही शेवट होतो. ओपलची बदनामी तिथून पसरली असं सांगतात.

मला त्याहून पटतं ते सोनाराच्या टेबलावरचं कारण. ओपल म्हणजे सिलिका, आणि त्यात बहुधा सहा ते दहा टक्के पाणी. अंगठी सैल-घट्ट करताना आच लागली की तडा जायला वेळ लागत नाही. मग "माझा हात चुकला" म्हणण्यापेक्षा "खडाच वाईट" म्हणणं सोपं.

राजघराण्यातही एकमत नव्हतं. प्रिन्स अल्बर्टनं पत्नी व्हिक्टोरिया राणीसाठी १८५३ मध्ये ओपल आणि हिऱ्यांचा मुकुट करवून घेतला. त्यातल्या कमानी नि कमळं हिंदुस्थानी दागिने पाहून सुचलेली. १९०२ मध्ये सून अलेक्झांड्रानं ओपल काढून माणकं बसवली. माणकं देखणीच, पण मला तो मुकुट पहिल्या रूपात बघायला आवडला असता.

कारण ओपलचा रंग खड्यात नसतोच. आत सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे ओळीनं रचलेले असतात आणि त्यांच्यामधून जाताना प्रकाश फुटतो, हे १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. गोळे मोठे असले तरच लाल दिसतो, म्हणून लालाला भाव. जुन्या अंगठीत ही गंमत जास्त, कारण हिऱ्यासारखे पैलू न पाडता खडा घुमटासारखा घोटलेला असतो. हात जरा वळवला की हिरव्याचा केशरी होतो. वर्षानुवर्षांच्या धुळीनं त्यावर बारीक चरे येतात, तेही मला चालतात. चालत नाही ते डब्लेट: वर ओपलची पातळ चकती, खाली दुसराच दगड, मध्ये डिंक. खडा बाजूनं पाहा, सरळ रेघ दिसली तर समजा. मागून बंद कोंदण असेल तर जास्तच निरखून पाहा.

आता शुक्रवाल्यांसाठी. हिरा परवडत नाही म्हणून ओपल सुचवतात, हे ठीक. पण आपल्याकडे आज मिळणारे पुष्कळ ओपल इथिओपियाचे असतात, आणि त्यांतले बरेच पाणी शोषतात. भिजले की रंग हरवून पारदर्शक होतात, सुकले की बहुधा पुन्हा खुलतात. (स्कॉटच्या बाईचा खडा याच जातीचा असावा, असं मला उगाच वाटतं.) अंगठी घालण्याआधी ती कच्च्या दुधात नि गंगाजलात बुडवायला सांगतात. पाणी उडून जाईल, पण दूध आत मुरलं तर खडा पिवळट पडू शकतो. शुद्धी करायचीच असेल तर ओलसर फडक्यानं पुसा. गुरुजींना चालत असेल तर.