शंभर नंबरची तीन मशीनं

सांगलीतल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. बघतो म्हणजे सगळंच. पासबुक प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मी आणि सर्व्हर बसला तरी मीच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमचा तळमजला खुर्च्या-कपाटांसकट भिजला. सर्व्हर आदल्या रात्री आम्ही चौघांनी उचलून वर नेला होता, म्हणून वाचला. तेव्हापासून महत्त्वाचं ते वरच्या मजल्यावर, हा न लिहिलेला नियम झाला. बॅकअप मात्र मॅनेजरसाहेबांच्या बॅगेत असायचा. रोज डे-एंड झाला की डेटाबेसची फाइल हार्ड डिस्कवर, डिस्क बॅगेत आणि बॅग साहेबांच्या घरी.

मग लेखापरीक्षकांनी एकदा सहज विचारलं, "सर्व्हर जळालाच, तर या डिस्कवरून कामकाज किती वेळात सुरू होईल?" मी म्हणालो, दोन दिवस. ते निव्वळ अंदाजपंचे होतं, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

आमच्याकडे प्रॉक्समॉक्सचे तीन होस्ट आहेत, म्हणजे पोटात अनेक आभासी संगणक (आम्ही त्यांना मशीनं म्हणतो) चालवणारे तीन सर्व्हर. एकावर मुख्य बँकिंगचं मशीन, दुसऱ्यावर फाइल-सर्व्हर आणि हजेरी, तिसऱ्यावर एसएमएस आणि चाचणीची मशीनं. तिन्ही वेगवेगळ्या वर्षी, जसा पैसा मंजूर होईल तसे घेतलेले. त्यांचं क्लस्टर, म्हणजे एकत्र बांधलेला गट, नाही, प्रत्येक आपापल्या घरचा राजा. यांना बॅकअपला जोडायला मी प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर निवडला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, वापरायला परवाना विकत घ्यावा लागत नाही, आणि एक जुना पण धडधाकट संगणक दुसऱ्या मजल्यावर रिकामा होता. त्यात दोन टीबीच्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतील अशा बसवल्या आणि कामाला लागलो.

इथे माझी पहिली गल्लत झाली. पूर्वी एका नोकरीत मी व्हीएमवेअरचे (प्रॉक्समॉक्ससारखीच दुसरी प्रणाली) होस्ट बॅकअपला जोडले होते. तिथे बॅकअप सर्व्हर हा वसुली अधिकाऱ्यासारखा असतो. तो स्वतः होस्टच्या दारात जातो, ४४३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचं नंबर दिलेलं दार) ओळख दाखवतो, ९०२ वरून डेटा ओढून आणतो. त्या सवयीने मी बॅकअप सर्व्हरच्या पडद्यावर 'होस्ट जोडा' असं बटण शोधत अर्धा तास घालवला. ते बटण नाहीच. इथे उलटं आहे. होस्टच बॅकअप सर्व्हरकडे जातो, ८००७ पोर्टवर, ठेव ठेवायला येणाऱ्या खातेदारासारखा. म्हणजे जोडणी होस्टच्या बाजूने करायची: डेटासेंटर, मग स्टोरेज, मग ॲड, आणि यादीतून बॅकअप सर्व्हर.

तिथे एक फॉर्म येतो. सर्व्हरचा पत्ता, वापरकर्ता, पासवर्ड, डेटास्टोअरचं (बॅकअप साठवायच्या जागेचं) नाव आणि फिंगरप्रिंट. या फिंगरप्रिंटचा अंगठ्याशी संबंध नाही. बॅकअप सर्व्हर स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःच बनवतो, तेव्हा होस्टने त्याच्यावर विश्वास का ठेवावा? म्हणून त्या प्रमाणपत्राचा ठसा, अक्षर-आकड्यांच्या ३२ जोड्या, सर्व्हरच्या डॅशबोर्डवरून उचलून इथे चिकटवायचा. आमच्या भाषेत नमुना सहीचं कार्ड. सही जुळली तरच व्यवहार.

बाकी रकान्यांत मी आळस केला. तिन्ही होस्टवर सरळ रूट हा सर्वाधिकारी वापरकर्ता, रूटचा पासवर्ड. तिन्हीकडे स्टोरेज दिसायला लागलं, हिरवी खूण आली. वीस मिनिटांत काम फत्ते. गुरुवारी दुपारी तीनला मी घाई करून पहिला बॅकअप सोडला.

साडेतीनला खालून कॅशियर ताईंचा फोन. "सर, एंट्री मारली की घड्याळ फिरत बसतंय. बाहेर लाइन लागलीये."

मशीन चालू असताना बॅकअप कसा होतो हे मला वरवर माहीत होतं, अंगावर आलं ते त्या दिवशी. बॅकअप सुरू झाल्या क्षणाचं चित्र टिकवायचं असतं. त्यामुळे अजून कॉपी न झालेल्या जागेवर मशीनला काही लिहायचं असेल, तर तिथला जुना मजकूर आधी बॅकअप सर्व्हरकडे पोचवावा लागतो, मगच नवं लिहिलं जातं. म्हणजे बॅकअप सर्व्हरच्या डिस्क जेवढ्या संथ, तेवढं काउंटरवरचं काम संथ. आणि माझ्या डिस्क फिरत्या, जुन्या. एका गिगाबिटच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम ११० एमबी जातात. तिन्ही होस्टचा मिळून ८०० जीबी डेटा होता, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी दोन तासांवर. मी बॅकअप थांबवला आणि रात्री अकराला लावला. प्रॉक्समॉक्सच्या ८.२ आवृत्तीपासून यावर उपाय आहे. जुना मजकूर आधी होस्टच्याच वेगवान डिस्कवर बाजूला ठेवायचा आणि सवडीने पाठवायचा. त्याला ते फ्लीसिंग म्हणतात. बँकिंगच्या मशीनला मी तो लावला, पण रात्रीची वेळ काही बदलली नाही. खालच्या लायनीतल्या एका आजोबांचा चेहरा मला अजून आठवतो.

सकाळी चहा घेऊन बघायला बसलो. बॅकअप झाले होते, पण यादी बुचकळ्यात टाकणारी होती. व्हीएम (आभासी मशीन) १०० या नावाखाली तीन बॅकअप, एकाच रात्रीचे, आणि आकार तीन तऱ्हेचे. थोडा वेळ मला वाटलं की बॅकअप तीनदा चालला. मग ट्यूब पेटली. प्रॉक्समॉक्स पहिल्या मशीनला आपणहून १०० नंबर देतो. माझे तिन्ही होस्ट स्वतंत्र, त्यामुळे तिघांकडे आपापलं १०० नंबरचं मशीन. बॅकअप सर्व्हर मशीनला नावाने नाही, नंबराने ओळखतो. त्याच्या दृष्टीने बँकिंगचं मशीन, फाइल-सर्व्हर आणि एसएमएसचं मशीन हे एकच मशीन, एका रात्रीत तीनदा आलेलं. तीन शाखांतले तीन 'खाते क्र. १००' एकाच लेजरच्या पानावर चढवावेत तसं. मी 'शेवटचे सात ठेवा' असा नियम लावणार होतो. तो लावला असता तर सात दिवसांऐवजी जेमतेम दोन-तीन रात्रींचं बँकिंग उरलं असतं. आणि घाईगर्दीत रिस्टोर करताना एसएमएसचं मशीन बँकिंगवर ओतलं गेलं असतं, ते वेगळंच.

रूटच्या जागी सुरुवातीलाच तीन वेगळे वापरकर्ते केले असते, तर सर्व्हरने दुसऱ्याच होस्टला अडवलं असतं की १०० नंबरच्या बॅकअपचा हा गट तुझ्या मालकीचा नाही. माझ्या आळसाने तो पहारेकरीच झोपवला होता.

तेव्हा सगळं पुसून नव्याने. यासाठी नेमस्पेस नावाची सोय आहे, म्हणजे एकाच डेटास्टोअरमध्ये प्रत्येक होस्टचा स्वतंत्र कप्पा. तीन कप्पे केले, तीन वापरकर्ते केले, प्रत्येकाला एक टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारा परवाना, काढलं. टोकनचा गुप्त मजकूर पडद्यावर एकदाच दिसतो. पहिल्या टोकनची खिडकी मी शिस्तीत 'क्लोज' दाबून बंद केली आणि मग विचार केला की आपण तो कुठे उतरवला. कुठेच नाही. दुसरं काढलं.

त्यानंतरचे दोन तास मात्र कुणालाही लागू नयेत. टोकनला त्याच्या कप्प्यावर बॅकअपचा अधिकार दिला, होस्टवर माहिती भरली, तर उत्तर येतं: डेटास्टोअर सापडत नाही, परवानगी आणि अस्तित्व तपासा. मी अस्तित्वच तपासत बसलो. नावाचं स्पेलिंग पाहिलं, लहान-मोठी अक्षरं पाहिली, पोर्ट पाहिला, तारही हलवून पाहिली. सगळं जागेवर. चूक परवानगीत होती, आणि तीही मी दिलेल्या नव्हे, न दिलेल्या. टोकनचा अधिकार हा टोकन आणि त्याचा मूळ वापरकर्ता, दोघांकडे जे सामाईक असेल तेवढाच असतो. मी टोकनला अधिकार दिला होता, वापरकर्ता कोरडाच होता. दोघांच्या सहीने चालणारं संयुक्त खातं, आणि सही एकाचीच. वापरकर्त्यालाही तोच अधिकार दिला आणि पुढच्या क्षणी कप्पा उघडला. मी रोज काउंटरवर लोकांना हेच सांगत असतो की दुसऱ्या खातेदाराची सही आणा.

अधिकार मुद्दाम तेवढाच ठेवला. होस्ट बॅकअप टाकू शकतो, स्वतःचे परत नेऊ शकतो, पुसू शकत नाही. उद्या एखाद्या होस्टवर व्हायरस शिरून सगळं कुलूपबंद झालं, तरी वरच्या मजल्यावरचे बॅकअप त्याच्या हातून मिटत नाहीत. याचा परिणाम असा की जुने बॅकअप काढण्याचा नियम होस्टवर लावून चालत नाही. तिथे 'सगळे ठेवा' असंच ठेवायचं आणि छाटणीचं काम बॅकअप सर्व्हरवर लावायचं. मी एका होस्टवर विसरलो, तर बॅकअप पूर्ण होऊनही काम लाल रंगात. कारण शेवटी तो छाटायला गेला आणि अधिकार नव्हता.

या खेपेला एन्क्रिप्शनही, म्हणजे डेटाला कुलूप, चालू केलं. खातेदारांची माहिती आहे, डिस्क उद्या भंगारात जाईल. पण त्याने जागा संपत आली. जुना बिनकुलपाचा आणि नवा कुलपाचा डेटा सर्व्हरला संपूर्ण वेगळा दिसतो, एरवी एकसारखे तुकडे तो एकदाच ठेवतो, इथे ते जुळत नाहीत. जुने बॅकअप पुसले होते, कचरा गोळा करण्याचं कामही चालवलं, तरी जागा तेवढीच. घाबरलो. नंतर वाचलं की ताजे वापरलेले तुकडे चोवीस तास उलटेपर्यंत तो हात लावत नाही. चालू असलेल्या एखाद्या बॅकअपला ते लागतील म्हणून. दुसऱ्या संध्याकाळी काम पुन्हा चालवलं आणि निम्मी डिस्क मोकळी.

दुसऱ्या रात्रीपासून बॅकअप काही मिनिटांत उरकायला लागले, कारण मशीन चालू असेपर्यंत कुठले भाग बदलले याची नोंद ठेवली जाते. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की ती नोंद जाते आणि डिस्क पूर्ण वाचली जाते, पण तारेवरून बदललेलंच जातं. विजेच्या लपंडावानंतरची रात्र म्हणून लांबते, एवढंच.

रिस्टोर रविवारी करून पाहिलं. बँकिंगचं मशीन नव्या नंबरावर उतरवलं, सुरू करण्याआधी त्याची नेटवर्कची तार आभासी पद्धतीने काढली. दोन मशीनं एकाच आयपीवर उठली तर सोमवारी सकाळी तमाशा. सव्वा तासात ते उभं राहिलं. लॉगिन झालं, शनिवारची शेवटची पावती दिसली. साहेबांना वर बोलावून दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे आता बॅग न्यायला नको?" मी म्हटलं, अजून थोडे दिवस न्या.

एक काम उरलं होतं. कुलपाची किल्ली त्या-त्या होस्टवरच असते. होस्ट जळाला तर किल्लीही जळाली, आणि बॅकअप म्हणजे नुसतं भरताड. म्हणून किल्ली कागदावर छापून घ्यायची सोय आहे, मजकूर आणि खाली क्यूआर कोड. तीन होस्टचे तीन कागद छापले, पाकिटात घातले, लाखेने बंद केले. पाकीट ठेवायला स्ट्राँगरूमची तिजोरी, सोनेतारणाच्या पिशव्यांच्या वरचा कप्पा. तिथे काहीही ठेवायचं तर नोंदवहीत लिहावं लागतं, वस्तू, वजन, मूल्य. लेखनिकाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, आत काय आहे विचारलं. मी सांगितलं. त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं: किल्ली, कागदी, ३ नग. वजनाच्या रकान्यात रेघ. मूल्याच्या रकान्यापाशी पेन थांबवून तो माझ्याकडे बघत राहिला.