रिजेक्शनचा आकडा मालकाच्याच तोंडून येऊ दे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकासमोर बसलो की पहिली दहा मिनिटं मी माझ्या कामाबद्दल बोलत नाही. माझं काम कास्टिंग सिम्युलेशनचं. साच्यात धातू ओतण्याआधी तो कसा भरेल, कुठं आकसेल, रायझर (आकसणाऱ्या जागी जादा धातू पुरवणारा साठा) कुठं पाहिजे, हे संगणकावर बघून सांगायचं. "क्वालिटी वाढेल, यील्ड (वितळवलेल्या धातूतून हाती येणारा माल) वाढेल" असं सांगणारे रोज येतात. मालक चहा पाजतात, "कळवतो" म्हणतात आणि विषय तिथंच संपतो.

मी विचारतो, "मालक, गेल्या महिन्यात रिजेक्शन किती?" म्हणजे सदोष निघून बाद झालेला माल. आकडा त्यांच्याच तोंडून यायला हवा. समजा महिन्याला 100 टन माल आणि 6 टक्के रिजेक्शन, म्हणजे 6 टन. तो धातू परत भट्टीत जातो, म्हणून त्याची पूर्ण किंमत मी नुकसानीत धरत नाही. ती धरून आकडा फुगवणारे लोक आहेत, पण फाउंड्रीवाल्याला ते लगेच कळतं आणि विश्वास तिथंच उडतो. मी वीज धरतो. टनभर लोखंड वितळायला साधारण 600 युनिट, म्हणजे 3,600 युनिट वाया. वर साच्याची वाळू, कोअर (मालातली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा), मजुरी. आणि श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून आत राहिलेली पोकळी, मशिनिंगनंतर उघडं पडलं, तर मशिनिंगचा खर्चही गेला.

कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं की तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याची बोच माणसाला जास्त लागते. 1992 च्या त्यांच्या अंदाजात हे प्रमाण सव्वादोन पट निघालं. विक्रीच्या ट्रेनिंगमध्ये एवढंच शिकवतात, 'तोटा दाखवा.' खरी मेख पुढं आहे. 1981 च्या त्यांच्या प्रयोगात 600 लोकांच्या जिवावर बेतलेल्या साथीवर दोन उपाय दिले होते, एक खात्रीचा आणि एक नशिबावर सोडलेला. "200 नक्की वाचतील" असं मांडल्यावर 72 टक्के लोकांनी तो खात्रीचा उपाय घेतला. तीच गोष्ट "400 नक्की मरतील" अशी मांडली, तर फक्त 22 टक्के. बाकीच्यांनी जुगार पत्करला. समोर तोटा दिसला की माणूस धोका घ्यायला तयार होतो.

फाउंड्रीत हा जुगार कसा बोलतो, तर, "बघू की, पुढच्या महिन्यात होतंय कमी!" नुसता तोटा दाखवून थांबलं, तर मालकाला माझी फी म्हणजे आणखी एक नक्की तोटा वाटते, आणि नशिबावर सोडलेलं बरं वाटतं. यात त्यांचं काही चुकत नाही, मन चालतंच तसं.

म्हणून तोट्याचा आकडा कागदावर आला, की त्याला लागूनच छोटा रस्ता ठेवायचा. सगळ्या कारखान्याचं काम मागायचं नाही. सुपरवायझरला बोलवायचं आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारा एक पार्ट त्याला निवडू द्यायचा. पार्ट त्यानं निवडला की शॉपफ्लोअरवर बदल करून बघायची जबाबदारी तो आपणहून घेतो. मात्र रिजेक्शनचा हिशोब त्याच्यासमोर मांडायचा नाही. कामगारांच्या देखत कमीपणा आलेला मालक आपलं ऐकून घेत नाही, आणि त्यानं घ्यावंही का?

वर्षाच्या कराराचा कागद पहिल्या भेटीत मी बॅगेतून काढत नाही. त्या एका पार्टचं ड्रॉइंग आणि गेल्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर, एवढंच मागून निघतो.