हात खाली असताना सगळं छानच दिसतं

शिवणकामात माझा भाग दुरुस्तीचा. नवं शिवणं कमी, दुसऱ्याने शिवलेलं अंगाला बसवणं जास्त. लग्नाच्या मोसमात माझ्याकडे येणारे बहुतेक ड्रेस सुंदर असतात आणि कुठे ना कुठे टोचत असतात. त्या बुधवारी आलेली मुलगी मात्र दोन्ही हात अंगापासून लांब धरून दारातून आत आली, तेव्हाच मला अंदाज आला. लग्न रविवारी होतं. मंगळवारी संध्याकाळी नाचाचा सराव म्हणून तिने तासभर ड्रेस घातला होता.

"काकू, हे बघा," म्हणून तिने हात वर केला. दंडाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा लालभडक पट्टा आणि काखेच्या अगदी खोबणीत एक बारीक, सरळ रेघ. आईचा निकाल आधीच लागला होता. "घट्ट झालाय हो. कडेने थोडा ढिला करून द्या, म्हणजे झालं."

कातडी सोलवटली की ड्रेस घट्ट झाला, असं सगळ्यांनाच वाटतं. पण दोन खुणांचे आकार वेगळे होते, म्हणजे कारणंही दोन असणार. बारीक रेघ उमटते ती एखादी कड एकाच जागी रुतल्यामुळे. पसरट पट्टा उमटतो तो कशावर तरी पुन्हा पुन्हा घासल्यामुळे. आणि घासण्यावर ढिलेपणा हा उपाय नाहीच. ढिला बॉडिस, म्हणजे ड्रेसचा कमरेपर्यंतचा वरचा भाग, अंगावर सरकतो, आणि सरकणारं कापड जास्तच घासतं. वजनदार भरतकामाचा असेल तर बघायलाच नको.

आणखी एक शक्यता आधी बाजूला करायची होती. खड्यांच्या धातूच्या बैठकीत कधी कधी निकेल असतं. घामाने ते सुटतं आणि काहींच्या कातडीला सोसत नाही. मी विचारलं, "खाज येते का? बारीक पुटकुळ्या? खोट्या कानातल्यांनी कान सुजतात का तुझे?" तिन्हीला नाही. फक्त आग होत होती. मग हे घासणंच. खाज आणि पुटकुळ्या असत्या, तर मी सुई हातात घेण्याआधी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

ड्रेस बिनबाह्यांचा, सॅटिनचा, वर नेट आणि नेटवर गळ्यापासून कमरेपर्यंत गच्च भरलेलं काम: टिकल्या, कटदाणा, मधूनमधून मोती. कारागिराने हात राखून काम केलं नव्हतं, अगदी मुंढ्याच्या, म्हणजे हात बाहेर काढायच्या गोलाईच्या, कडेपर्यंत भरलं होतं. तिच्या अंगावर ड्रेस चढवला, हात खाली सोडायला सांगितला. आरशात चित्रासारखा. पहिल्या दुकानातल्या ट्रायलला ती अशीच उभी राहिली असणार, ताठ, हात बाजूला. कुणी तिला हात वर करायला सांगितलंच नसेल.

माझ्याकडे जुने नायलॉनचे मोजे ठेवलेले असतात, याच कामासाठी. त्यातला एक तिच्या दंडावर चढवला आणि म्हटलं, "आता चाल. हात हलव. नाच थोडी. आईला मिठी मार." दोन-तीन मिनिटांत मोज्याचे धागे ओढले गेले. जिथे जिथे धागा अडकला तिथे खडूने खूण केली. सगळ्या खुणा कडेच्या शिलाईच्या दोन्ही अंगांना, काखेखाली चारेक बोटांच्या पट्ट्यात. छातीवर आणि पाठीवर एकही नाही. दोष सगळा कटदाण्याचा. हा मणी म्हणजे कापलेली काचेची नळी. तिची तोंडं धारदार असतात, बाजूचा गोल मणी सहसा काही करत नाही. टिकल्याही कडेने कापतात, पण त्या एकावर एक झोपलेल्या असतील तर हात एका दिशेने गुळगुळीत सरकतो आणि उलट येताना ओरखडतो. चालताना हात मागे-पुढे दोन्हीकडे जातो, त्यामुळे ती सुटका नाहीच.

बारीक रेघेचं उत्तर खांद्यावर मिळालं. पहिल्या ठिकाणी गळा सुटतो म्हणून खांद्याची शिलाई दाबून घेतली होती. गळा बसला, पण खांदा उचलला की मुंढाही वर चढतो. आता त्याची भरलेली कड थेट काखेत रुतत होती. एका जागचं दुखणं दुसऱ्या जागी सरकवायचं काम आमच्या धंद्यात फार चालतं.

अस्तर उसवलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. कडेच्या शिलाईच्या मायेत, म्हणजे शिलाईबाहेर आत राखलेल्या जादा कापडात, मणी तसेच ठेवून वरून मशीन मारलं होतं. खरं तर मायेतले मणी शिवायच्या आधी काढायचे असतात. इथे सुईने फुटलेल्या काचेचा चुरा चिमट्याला लागून येत होता आणि मायेची घडी कडक झालेली. असा कडकपणा बाहेरून बघून समजत नाही, बोटांनीच लागतो.

मणी काढायला घाई चालत नाही. आरीचं, म्हणजे आकडीच्या सुईने केलेलं, काम साखळीटाक्याचं असतं. मध्येच दोरा कापला की अख्खी ओळ सुटत जाते आणि मणी जमिनीवर घरंगळतात. म्हणून खडूच्या हद्दीवर उलट्या बाजूने प्रत्येक ओळीला हाताने दोन-तीन टाके घालून गाठ मारली, आणि मगच आतला दोरा कापला. मायेतले उरलेले मणी चिमट्याने फोडले, डोळ्यांना चष्मा लावून, कारण काच कुठेही उडते. काढलेले धड मणी एका पुडीत ठेवले. अशा कामाच्या ड्रेसचे मणी लग्नाच्या दिवसापर्यंत गळतातच.

आईचा चेहरा उतरला होता. "म्हणजे तिथे उघडंबोडकं दिसणार?" त्यांची काळजी खोटी नव्हती. काम जिथे एकदम थांबतं तिथे ती रेघ नजरेत भरते. म्हणून हद्द सरळ न ठेवता वेलीची टोकं कमी-जास्त आत सोडली आणि रिकाम्या जागेत त्याच रंगाच्या रेशमी दोऱ्याने पानं भरली. दोऱ्याचं भरतकाम हाताला लागत नाही. हात खाली असताना ती जागा झाकलेलीच असते, आणि हात वर असताना लोक चेहरा बघतात.

मग मुंढा. तळाशी साधारण एक सेंटिमीटर खाली उतरवला. जास्त नाही, कारण फार खाली गेला की आतलं दिसतं आणि कड दंडाला लागू लागते. कडेला आत वळवलेली जाड घडी होती, ती काढली. तिथे मऊ रेशमी सॅटिनची तिरकी पट्टी लावली. सरळ कापलेली पट्टी वळणावर ताठरते, तिरकी वळते. पट्टी अस्तराच्या बाजूला उलटून हातशिलाईने बसवली, आणि अस्तर बाहेर डोकावू नये म्हणून मायेला धरून दाबाची शिलाई मारली. कडेने ड्रेस एक सूतही ढिला केला नाही. आईंनी ते दोनदा विचारून घेतलं.

तोवर कातडीचं बघायचं होतं. तिने त्यावर डिओ मारला होता, वर पावडर! कोमट पाण्याने धू, अलगद टिपून कोरडं कर, साधं पेट्रोलियम जेली लाव आणि सैल सुती कपडा घाल, एवढंच सांगितलं. रेझर आणि वॅक्स बंद. वरवरचं सोलवटलेलं तेवढ्या दिवसांत बहुधा भरून येतं, जर पुन्हा घासलं नाही तर. लग्नाच्या दिवशी मात्र ती जेली नको, सॅटिनवर तिचा तेलकट डाग पडतो आणि जात नाही. त्याऐवजी कातडी घासू नये म्हणून लावायची सिलिकॉनची चाफिंग स्टिक दंडाच्या आतून पातळ फिरवायची आणि वाळल्यावरच ड्रेस चढवायचा. पावडरीवर लोकांचा फार जीव असतो, पण घामात तिचे गोळे होतात आणि मग तेच घासतात. घाम रोखणारा रोल-ऑन आदल्या रात्री कोरड्या काखेत लावला तर जास्त चालतो. ऐन तयारीच्या घाईत लावलेला ड्रेसलाच लागतो. पण तोही कातडी पूर्ण भरली असेल तरच, नाहीतर अशी आग होईल की ड्रेस बरा वाटेल.

शनिवारी ती ट्रायलला आली. पुन्हा मोजा, पुन्हा नाच. या वेळी मी तिला जेवायला बसल्यासारखं बसवलं, केसांत पिन खोचायला लावली, फोन कानाला धरायला लावला. मोजा कुठेही अडकला नाही. पट्टा फिका झाला होता, रेघ जवळपास गेली होती. पर्समध्ये ठेवायला पारदर्शक मेडिकल फिल्मचे दोन तुकडे दिले, कोपरे गोल कापून, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. त्यातला एक छोटा तुकडा रात्री हाताला लावून बघ म्हटलं, चिकटपणा सोसतो की नाही ते आधीच कळलेलं बरं.

सोमवारी तिच्या आईचा मेसेज आला. काखेला काही झालं नाही, फिल्म लागलीच नाही, पण नव्या सँडलने दोन्ही टाचा सोलल्या, त्यावर काही उपाय आहे का? चपलांचं काम मी करत नाही, एवढं कळवलं.