देर अल-मदीनाहून खिंड चढून राजांच्या दरीत: निघण्याआधी हे वाचा

‘अर्धा तास लागतो, सपाट वाट आहे, पाण्याची एक बाटली पुरे.’ लक्सरला आमच्या मुक्कामी गाडी ठरवून देणाऱ्या माणसानं हे तीनदा सांगितलं. तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. आम्हाला दीड तास लागला, वाट कुठेही सपाट नाही, आणि पाणी खिंडीतच संपलं. तुमच्यापैकी कुणी ही वाट करणार असेल तर त्याची तरी अशी फसगत होऊ नये, म्हणून हॉटेलवर परतल्या परतल्या लिहितोय. पाय अजून ठणकतायत.

कैरोचे तीन दिवस आणि लक्सरचा पूर्व किनारा यांबद्दल लिहीत नाही. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. कर्नाकचं देऊळ बघाच, पण त्याची माहिती कुठेही मिळते. हे लिहिणं नाईलच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका दिवसाचं आहे.

सह्याद्रीत थोडंफार चालण्याची सवय आहे, बुटांना पकड आहे, उन्हाची टोपी आहे, असं धरून चालतो. नसेल तर ही खिंड सोडा आणि गाडीनं वळसा घालून जा.

देर अल-मदीना हे गाव कशासाठी बघायचं, हे आधी सांगतो, कारण आमचा वाटाड्या म्हणाला होता, ‘तिथे काही नाही, विटांचे ढिगारे आहेत, वीस मिनिटं पुरेत.’ आम्ही तिथे पावणेतीन तास होतो. माझ्या मते लक्सरला एकच गोष्ट बघायची असेल तर ती हीच. राजांच्या दरीतली थडगी राजांची, पण ती खोदणारे, घासणारे, रंगवणारे लोक या गावात राहत. गावाचं जुनं नाव ‘सेत मात’, म्हणजे सत्याची जागा. अठराव्या ते विसाव्या राजवंशापर्यंत, सुमारे चारशे वर्षं, दगडफोड्ये, चितारी, सुतार आणि लेखनिक इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदले. शेवटी लिबियन टोळ्यांच्या धाडींना कंटाळून त्यांनी जवळच्या मेदिनेत हाबू या देवळाच्या तटाआड आसरा घेतला.

गावाला एक कुसू, आत एकच बोळ, आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना खेटून घरं. भरभराटीच्या काळात कुसवाच्या आत ६८ घरं होती. आज कमरेइतक्या, काही ठिकाणी छातीइतक्या भिंती उभ्या आहेत. खाली दगड, वर मातीच्या कच्च्या विटा. घराचा आराखडा ठरलेला: पुढची खोली, तिच्यात विटांचा उंच ओटा. मग खांबाची माजघराची खोली, मागे झोपायची खोली आणि सगळ्यात शेवटी उघडं स्वयंपाकघर, भट्टीसकट. काही घरांत तळघर. बोळातून चालताना मी एका उंबरठ्यापाशी बसलो. दाराचा खुंट फिरायचा तो दगडातला खळगा अजून तसाच आहे, कडा झिजून गुळगुळीत झालेला. बोट घातलं तर पेरापर्यंत आत गेलं. कोकणात आमच्या आजोळच्या जुन्या घराच्या दाराला अगदी असाच खळगा होता.

या लोकांबद्दल जितकं ठाऊक आहे तितकं प्राचीन इजिप्तच्या दुसऱ्या कुठल्याही साध्या माणसांबद्दल ठाऊक नसेल. कारण ते लिहायचे. पपायरस महाग, म्हणून चुनखडीच्या कपच्यांवर आणि खापरांवर. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ इथे उत्खनन केलं. गावाशेजारच्या देवळाजवळच्या पन्नास मीटरच्या आसपास खोल खड्ड्यातून त्यांना अशा पाच हजारांहून जास्त कपच्या मिळाल्या. धोब्याकडे दिलेले कपडे, उधारी, भांडणं, गाढवाच्या भाड्याचे खटले, सगळं त्यांत आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये राजा रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षाचं हजेरीपत्रक आहे, तेही अशाच एका कपचीवर. कोण कामावर आला नाही आणि का: विंचू चावला, डोळे आले, बीअर गाळायची होती, आईला दफनासाठी गुंडाळायचं होतं, बायको किंवा मुलगी विटाळशी होती. तीन हजार वर्षांपूर्वीचा मुकादम ही कारणं मान्य करून टिपून ठेवतोय.

बायकांचंही तसंच. नौनख्ते नावाच्या म्हातारीनं रामसेस पाचव्याच्या तिसऱ्या वर्षी मृत्युपत्र केलं. आठ मुलं वाढवली. म्हातारपणी ज्यांनी विचारपूस केली नाही त्यांना माझ्या वाट्यातलं काही देणार नाही, असं तिनं साक्षीदारांसमोर सांगितलं, आणि ते लिहून घेतलं गेलं. मालमत्ता तिची स्वतःची होती, म्हणून तिला ते करता आलं. एवढं ऐकल्यावर सोबत आलेली माझी ताई म्हणाली, ‘हे आपल्या आत्याला सांगायला हवं.’

आता पाणी. गावात विहीर नव्हती. पाणी सखल भागातून गाढवांवर यायचं, रोज, सरकारी पाणक्ये आणायचे. ज्या खड्ड्यात कपच्या मिळाल्या तो पाण्यासाठीच खोदला असावा असं अभ्यासक मानतात. पाणी लागलं नाही आणि पुढे त्यात कचरा पडला. तेव्हा नव्हतं तसं आजही तिथे पाणी नाही. माझ्या ध्यानात हे यायला हवं होतं. गावाचा सगळा इतिहास पाण्याच्या गाढवांचा, आणि मी प्रत्येकी एक लिटर घेऊन पावणेअकराला खिंड चढायला निघालो. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. प्रत्येकी तीन लिटर घ्या, आणि तिकीट कचेरीच्या रस्त्यावरच्या दुकानातून घ्या. पुढे मिळणार नाही.

वाट देवळाच्या बाजूनं, गावाच्या वरच्या अंगानं निघते. सुरुवातीला पायऱ्या आहेत, म्हणून सोपी वाटते. दहा मिनिटांनी पायऱ्या संपतात आणि चुनखडीचा घसारा सुरू होतो. पांढरी, धारदार, वाटीएवढी खापरं, खाली भुसभुशीत माती. ऊन वरून पडतं आणि खालून परततं. सावली म्हणजे काय ते विसरा. एक झुडूप नाही. याच टप्प्यावर एक माणूस मागे लागला. आम्ही बोलावलं नव्हतं. तो पुढे चालू लागला, प्रत्येक वळणावर ताईला हात देऊ लागला, आणि खिंडीत पोचल्यावर पाचशे इजिप्शियन पौंड मागितले. वाद वीस मिनिटं चालला. शेवटी शंभरावर मिटला, पण तोवर उरलेलं पाणी संपलं होतं आणि माझं डोकं गरगरत होतं. पहिल्याच पायरीवर, मोठ्यानं, दोनदा ‘ला शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणा आणि थांबून राहा. तो पुढे जाईपर्यंत तुम्ही हलू नका. हात दिला तर घेऊ नका. हा भाग मी कितीही वेळा सांगेन, कारण चढापेक्षा यानंच माणूस दमतो.

खिंडीत मात्र वारा लागला. तिथेच दगडी झोपड्यांचे अवशेष आहेत. कामगार दहा दिवसांच्या आठवड्यात आठ दिवस राजाच्या थडग्यात खपायचे, आणि रात्री गावात परतण्याऐवजी या झोपड्यांत झोपायचे. नाव कोरलेली दगडी आसनंसुद्धा इथे मिळाली आहेत. उजव्या हाताला कड्याच्या पोटात राणी हत्शेप्सुतचं देऊळ, पलीकडे शेतांचा हिरवा पट्टा आणि नाईल. डाव्या अंगाला पिरॅमिडसारखं टोक, अल-कुर्न. त्या शिखरात मेरेतसेगर देवी राहते असं गावकरी मानत. तिच्या नावाचाच अर्थ, जिला शांतता आवडते ती. नेफेराबू नावाच्या कामगाराची एक शिळा आज इटलीत तुरीनला आहे. देवीची आगळीक केली, तिनं शिक्षा दिली, श्वासासाठी तळमळलो, मग ती गोड झुळूक होऊन माझ्याकडे आली, असं त्यानं त्यावर कोरवून घेतलंय. मी त्या झोपडीच्या दगडावर बसून धापा टाकत होतो आणि उत्तरेकडून वारा येत होता. त्या माणसाला काय म्हणायचं होतं ते मला त्या क्षणी कळलं.

ताईला इथेच मी संपाची गोष्ट सांगितली. रामसेस तिसरा याच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, शिधा थकला. पगार धान्यातच असायचा: साध्या कामगाराला महिन्याला चार खार गहू आणि दीड खार जव, एक खार म्हणजे सुमारे ७६ लिटर. गव्हाची भाकरी, जवाची बीअर. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी काही आलं नाही, तेव्हा सगळी टोळी ‘आम्ही उपाशी आहोत’ म्हणत चौक्यांच्या भिंती ओलांडून खाली गेली आणि थुतमोस तिसऱ्याच्या देवळामागे जाऊन बसली. पुढच्या दिवसांत रामेसियममध्ये, म्हणजे रामसेस दुसऱ्याच्या देवळात, शिरली. अंगावर कापड नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. राजाला कळवा, वजिराला कळवा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. मागच्या महिन्याचा शिधा त्यांना मिळाला. हे सगळं लेखनिक अमेननाख्तनं तारीखवार लिहून ठेवलं, तो पपायरस तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगातला नोंद असलेला पहिला संप म्हणून तो ओळखला जातो.

आमचे अण्णा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा संप सुरू झाला तेव्हा ताई आठवीत होती, मी दुसरीत. मला फार आठवत नाही. तिला रेशनचा डबा आठवतो. ती बराच वेळ रामेसियमच्या दिशेनं बघत राहिली आणि म्हणाली, ‘यांचा शिधा निदान आला.’

पुढे उतार. दोन फाटे लागतात. उजवीकडचा कड्याच्या टोकाला जातो, कठडा नाही, तिथे फोटोच्या नादात जाऊ नका. राजांच्या दरीकडचा उतार तीव्र आहे, गुडघ्यांना काठी हवीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वरून उतरलात तर तुम्ही थेट थडग्यांपाशी पोचता, तिकीट मात्र खाली मुख्य दाराशी मिळतं. आम्हाला भर उन्हात दारापर्यंत जाऊन परत यावं लागलं. दरीत अतोनात गर्दी होती. रांगेत उभं राहून तीन थडगी बघितली आणि खरं सांगतो, सकाळच्या गावानंतर मन लागलं नाही.

खाली गाडीवाला उभा होता. ठरले होते सहाशे पौंड; ‘थांबावं लागलं’ म्हणून अकराशे मागितले. ताई भांडली, मी सातशे देऊन सुटलो. आकडा कागदावर लिहून घ्या, त्यात ‘दरीच्या दारात थांबणं धरून’ हे शब्द हवेत. किंवा मग सरळ नदी सार्वजनिक फेरीनं ओलांडा आणि पलीकडे टॅक्सी ठरवा, आम्ही दुसऱ्या दिवशी तेच केलं आणि निम्म्यात भागलं.

देर अल-मदीनाचं तिकीट गावाच्या दारात मिळत नाही. मेम्नॉनच्या पुतळ्यांच्या पुढे पश्चिम किनाऱ्याची तिकीट कचेरी आहे, तिथून घ्या, आणि कार्ड जवळ ठेवा; आमच्याकडून रोख घेतली नाही. त्या तिकिटात सेन्नेजेम आणि इन्हेरखाऊ यांची थडगी बघता येतात. राजांसाठी खपून उरलेल्या वेळात या लोकांनी स्वतःसाठी खोदलेली ही थडगी. सेन्नेजेमची खोली आपल्या देवघराहून थोडी मोठी, कमानदार छत, पिवळी भिंत. पूर्वेच्या भिंतीवर तो ठिपक्यांच्या गुरांनी नांगरतोय आणि बायको इयनेफेर्ती मागून टोपलीतलं बी टाकत चाललीय. दोघं पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. रंग इतका ताजा, की ताईनं हात मागे घेतला, लागेल म्हणून. १८८६ मध्ये हे थडगं न लुटलेलं सापडलं. रखवालदार दिव्याची सोय करतो म्हणून पैसे मागतो. दहा-वीस पौंड द्या, जास्त नाही.

सकाळी सहाला तिथे पोचा. नऊच्या आत गाव आणि थडगी संपवा, नऊला खिंड सुरू करा. दुपारी अकरानंतर वाट चढूच नका, मार्च उलटला असेल तर मुळीच नाही.

आणि पाशेदू या कामगाराच्या थडग्याचं तिकीट वेगळं मागा, ते कुणी स्वतःहून देत नाही. आम्हालाही कुणी सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी फक्त त्यासाठी परत गेलो. जिना अरुंद आणि खडा, मग इतकी बुटकी वाट की वाकूनच जावं लागतं, डोकं सांभाळा. आत भिंतीवर पाशेदू ताडाच्या झाडाखाली गुडघे टेकून ओणवा झालाय आणि तळ्याचं पाणी पितोय. ताईनं पिशवीतली बाटली काढली, मग आत पाणी नको म्हणून परत ठेवली.