क्लक्स्टनची किक-आउट

गेलिक फुटबॉल या आयरिश खेळाचा गुणफलक पहिल्यांदा पाहणारा हमखास चक्रावतो. १-१२ म्हणजे एक गोल आणि बारा पॉइंट. गोलचे तीन गुण, आडव्या दांडीच्या वरून दोन उंच खांबांमधून चेंडू गेला की एक. म्हणजे एकूण पंधरा. एवढं कळलं की २०११ च्या ऑल-आयर्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्याची गंमत कळते. डब्लिन आणि केरी या काउंटींचे (म्हणजे परगण्यांचे) संघ दोघेही १-११ वर, वेळ संपत आलेली, आणि फ्री किक घ्यायला पुढे येतो डब्लिनचा गोलकीपर, स्टीफन क्लक्स्टन. चेंडू खांबांमधून गेला आणि हा गडी वळून सरळ आपल्या गोलकडे पळाला. नाचणं नाही, हात उंचावणं नाही. डब्लिनला १९९५ नंतर पहिल्यांदा विजेतेपद मिळत होतं!

पण त्या किकवरून त्याला ओळखणं म्हणजे शेंडी पाहून नारळ जोखणं. त्याचं खरं काम किक-आउटचं. चेंडू बाहेर गेला किंवा समोरच्यांनी गुण मिळवला की गोलकीपर जमिनीवरून चेंडू मारून खेळ पुन्हा सुरू करतो. पूर्वी तो मैदानाच्या मध्यावर लांब भिरकावला जायचा, तिथे दोन उंच गडी उडी मारायचे, ज्याच्या हाती लागेल त्याचा. म्हणजे निव्वळ छापा-काटा. क्लक्स्टनने हा जुगारच बंद केला. समोरचा संघ पॉइंटच्या आनंदात मागे सरकत असतानाच चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि बाजूरेषेकडे सुटलेल्या बचावपटूच्या पुढ्यात टाकायचा. तो थांबलेल्या माणसाला नाही, धावणाऱ्याच्या वाटेवर द्यायचा. त्यामुळे गड्याने गोलकीपरच्या पावलाआधीच पळायला लागायचं, उशीर झाला की सगळं फसलं. चेंडू हवेत जास्त तरंगला तर प्रतिस्पर्धी पोहोचतो, फार सपाट गेला तर मधला माणूस अडवतो.

आणि तोड निघतेच. २०१६ च्या उपांत्य सामन्यात केरीने मध्यंतराआधी प्रत्येक डब्लिनकराला माणसाला माणूस लावला. जवळ द्यायला कोणी मोकळा नाही, लांब मारावं तर हवेतली झुंज. मध्यंतराला फलक केरी २-८, डब्लिन ०-९. अशा वेळी उपाय एकच: सगळे पुढे चढून आलेत म्हणजे त्यांच्या पाठीमागे मैदान ओस पडलंय, तिथे मारायचं. डब्लिनने तो सामना ०-२२ विरुद्ध २-१४ असा, अवघ्या दोन गुणांनी काढला.

हा खेळ हौशी. पगार नाही, काउंटी बदलून मोठ्या संघात जाण्याची सोय जवळपास नाही. क्लक्स्टन डब्लिनमध्ये विज्ञान शिकवणारा शिक्षक. २००१ साली तो वरिष्ठ संघात आला. २००३ मध्ये आर्माविरुद्ध रागाच्या भरात लाल कार्डही खाल्लं. पुढचा शांतपणा जन्मजात नव्हता, हे लक्षात ठेवलेलं बरं. २०१३ ते २०२० या काळात कर्णधार म्हणून त्याने ऑल-आयर्लंड विजेत्याला मिळणारा सॅम मॅग्वायर करंडक सात वेळा उचलला. २०१९ च्या बरोबरीत सुटलेल्या अंतिम सामन्यात त्याने पेनल्टीही अडवली आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू तोच ठरला.

२०२० नंतर तो दोन हंगाम दिसलाच नाही. निवृत्ती जाहीर केली नाही, निरोपाचा सामनाही नाही. २०२३ च्या वसंतात तो राखीव बाकावर अचानक बसलेला दिसला आणि जुलैत, वयाच्या ४१ व्या वर्षी, अंतिम सामन्यात गोलमध्ये होता. डब्लिन १-१५, केरी १-१३. ऑल-आयर्लंड विजेतेपदाचं त्याचं नववं पदक. मायकल फिट्झसिमन्स आणि जेम्स मॅकार्थी या सहकाऱ्यांकडेही तितकीच आहेत.

या वयात ते जमलं कारण गोलकीपरला मैदानभर पळायचं नसतं. पायाचा अंदाज आणि नजर शाबूत राहिली की पुरे. २०२४ च्या उपांत्यपूर्व सामन्यात गॉलवेने डब्लिनला एका गुणाने हरवलं, तेव्हाही गोलमध्ये तोच होता. २०२५ पासून नियम बदलला: किक-आउट गोलपासून ४० मीटरवर आखलेल्या कमानीपलीकडे गेलीच पाहिजे. कोपऱ्यातल्या बचावपटूला दिलेली ती छोटी किक आता नियमबाह्य आहे.